मागच्या फाटकाचे सुभेदार

संपतराव जगदाळे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात पुन्हा गणवेश चढवून उभे राहिले. फरक एवढाच, की आधीचा गणवेश सरकारने दिला होता आणि हा एका सिक्युरिटी एजन्सीने, तोही दोन मापं मोठा. तानूबाईंनी तो घरी आत घेतला. सुईत दोरा ओवता ओवता त्या म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षं देश राखलात. आता कुणाची कॉम्प्युटरं राखायची राहिली होती?"

निवृत्त झाल्यावर गावी, खटावला परतायचं असं दोघांनी पन्नासदा ठरवलं होतं. पण शेवटची पोस्टिंग दिल्ली कँटची पडली, मुलगा यशराज इथल्या शाळेत रुळला, आणि दिल्लीतच द्वारकेला एका सोसायटीत दोन खोल्यांचं घर मिळून गेलं. 'यंदा दिवाळीनंतर बघू' करता करता नऊ दिवाळ्या झाल्या. पोरगा इंजिनियरिंगला गेला. तोंडात मराठी निम्मीच उरली त्याच्या, बाकी सगळं 'अच्छा' आणि 'यार'. एकदा संपतराव बोलता बोलता 'पाणंद' म्हणाले, तर तो म्हणाला, "बाबा, पाणंद म्हणजे काय?" शेतातनं जाणारी गाडीवाट, असं सांगितलं, तर म्हणे, "अच्छा, शॉर्टकट." झालं. तिथून पुढे संपतरावांनी घरात असे शब्द काढणं जरा कमीच केलं.

ही गोष्ट गुडगावचं गुरुग्राम झालं नव्हतं तेव्हाची. काचेच्या इमारती अशा उगवत होत्या, की सकाळी ड्यूटीवर जाताना शेत दिसायचं आणि पंधरवड्याने तिथे क्रेन. संपतरावांची कंपनी सॉफ्टवेअरची. आत हजार-बाराशे पोरंपोरी, पुढच्या फाटकाला कारंजं आणि उंचापुरे, इंग्रजीत गुड मॉर्निंग म्हणणारे गार्ड. संपतरावांचा चेहरा त्या कामाचा नव्हता. उन्हाने रापलेला, मिशा पांढऱ्या, बोलणं तोडून. त्यांना मागचं फाटक मिळालं. तिथून डिझेलचा टँकर आत यायचा आणि कचऱ्याची गाडी बाहेर जायची. सहा ते सहा ड्यूटी. पायांच्या शिरा संध्याकाळपर्यंत टम्म फुगायच्या. घरी गेले की तानूबाई कोमट पाण्याचं घमेलं पुढे सरकवायच्या, आणि त्यात पाय सोडून संपतराव बसल्या जागी डुलकी घ्यायचे.

मागच्या फाटकासमोर बलदेवगढी नावाचं गाव होतं. कंपनीची जमीन त्याच गावची. गावकऱ्यांनी ती राजीखुशीने विकली, चांगले पैसे घेतले, तिमजली घरं बांधली, भाडेकरू ठेवले. तक्रारीला जागा नव्हती. फक्त विकताना एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. गावापासून पलीकडच्या हायस्कूलला जाणारी जुनी पाणंद त्याच जमिनीतून जात होती. कंपनीने भिंत घातली आणि पाणंद भिंतीच्या पोटात गेली. दहा मिनिटांची शाळा तीन किलोमीटरवर जाऊन बसली. तेही हायवेच्या कडेने. एकीकडे खडीचे डंपर, दुसरीकडे दारूचा ठेका आणि सकाळपासून तिथे टवाळकी करत बसलेले रिकामटेकडे. मुलगे मोटरसायकलवर बसून जायचे. मुलींचं काय, तर गावची शाळा आठवीपर्यंत होती, तिथे संपली की शिक्षण संपलं.

एके दिवशी सकाळी सात-दहाला एक पोर फाटकाशी येऊन उभी राहिली. दोन वेण्या, पाठीला दप्तर, मागे आणखी चौघीजणी.

"अंकल, आज जाने दोगे?"

संपतराव म्हणाले, नाही. ऑर्डर नाही. ती बरं म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सात-दहाला हजर. "अंकल, आज जाने दोगे?" नाही. तिसऱ्या दिवशी तेच. ना रडणं, ना विनवणी. दूधवाल्याने आज किती विचारावं इतक्या सरळपणे विचारायची. हिचं नाव रिंकू. सतबीर नावाच्या माणसाची मोठी मुलगी, नववीतली. असे पंचवीस दिवस गेले. आता खरं सांगायचं, तर संपतरावांना काही दयेचा उमाळा वगैरे आला नाही. त्यांना नाही म्हणायचा कंटाळा आला. रोज सकाळी उठून पहिलं काम काय, तर एका पोरीला नाही म्हणायचं! सव्विसाव्या दिवशी त्यांनी कुलूप काढलं आणि म्हणाले, "एक लाइन. कोई बात नहीं करेगा. इधर-उधर नहीं देखेगा. चलो."

भिंतीला लागून, जनरेटरच्या मागून, सांडपाण्याच्या टाक्यांजवळून तीनशे पावलं. पलीकडच्या भिंतीत एक दिंडी-दरवाजा होता, माळ्यांसाठी ठेवलेला. तिथून बाहेर पडलं की शाळेचं मैदान. दुपारी दीडला उलट. पाच मुलींच्या चौदा झाल्या, चौदांच्या सव्वीस. संपतराव पुढे, मागे सव्वीस दप्तरं, आणि मधेच कुणाला हसू फुटलं की संपतरावांचा आवाज, "लाइन!" पोरी त्यांना फौजी अंकल म्हणायच्या. त्यांच्या चालीची नक्कल करायच्या, हे त्यांना ठाऊक होतं. मागे वळून ते बघत नसत, म्हणजे पोरींना नीट नक्कल करता यावी.

आता फौजी माणसाची खोड. नोंद केल्याशिवाय माणूस फाटकातून आत सोडणं संपतरावांच्या हाडात नव्हतं. पोरी चोरून सोडायच्या, पण सोडायच्या त्या रजिस्टरमध्ये लिहून! त्यांनी स्वतःच्या पैशाने एक जाड वही आणली, रेघा मारल्या. नाव, बापाचं नाव, आत किती वाजता, बाहेर किती वाजता. रोज. दोन वर्षं. एक दिवस खाडा नाही. अहो, गुन्हा करावा आणि त्याची डायरीही ठेवावी, असा माणूस फौजेतच तयार होतो.

कंपनीलाही समाजाची काळजी होतीच बरं का. तेव्हा कंपन्यांनी समाजसेवेवर खर्च करावाच असा कायदा-बियदा काही नव्हता, पण परदेशी ग्राहकांना दाखवायला लागायचं. वर्षातून एकदा सेवादिन व्हायचा. पाऊणशे पोरंपोरी पिवळे टीशर्ट घालून बलदेवगढीच्या शाळेत जायची आणि भिंत रंगवायची. दरवर्षी तीच भिंत, कारण ती शाळा जवळ होती आणि जेवायच्या वेळेला ऑफिसात परतता यायचं. पहिल्या वर्षी भिंतीवर पोपट काढले. दुसऱ्या वर्षी पृथ्वीचा गोल. तिसऱ्या वर्षी कॉम्प्युटर. हेडमास्तर शहाणा होता, आदल्या आठवड्यात आधीच्या चित्रावर चुना मारून ठेवायचा. रंगवणाऱ्यांना कोरी भिंत मिळायची आणि सगळे खूश. हे सगळं बघणारी बाई होती सुखदा आगाशे. पुण्याची, तिशीतली, कंपनीच्या सामाजिक विभागाची मॅनेजर. विभाग म्हणजे ती एकटीच. ती आणि संपतराव एकाच आवारात तीन वर्षं काम करत होते, पण ती पुढच्या फाटकाने यायची आणि हे मागच्या. गाठ कधी पडली नव्हती.

गाठ पडली ती पानिपतात. दरवर्षी चौदा जानेवारीला दिल्लीची मराठी मंडळी बस करून काला अंबला, पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला जातात. संपतराव कधी चुकवत नसत. त्या वर्षी धुकं इतकं होतं, की बस नऊची अकराला पोचली. स्तंभाला हार घालून झाला, कुणीतरी भाषण केलं, शेजारी उभ्या असलेल्या बाईने डब्यातून तिळगूळ पुढे केला. "घ्या काका. कुठे असता तुम्ही?" संपतरावांनी कंपनीचं नाव सांगितलं. "अय्या, मी पण तिथेच!" म्हणाली ती, आणि झालं.

संपतराव मितभाषी माणूस. पण थंडी, हातात तिळगूळ, समोर ते ठिकाण, आणि कानावर स्वच्छ पुणेरी मराठी. दोन वर्षांत जी गोष्ट त्यांनी शेजारच्या गार्डला धड सांगितली नव्हती, ती त्यांनी सुखदाला दहा मिनिटांत सांगून टाकली. सव्वीस मुली. सात-दहा. तीनशे पावलं. रिंकू आता दहावीला आहे, मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा आहे, मास्तर म्हणतात पहिली येईल. सांगताना त्यांचा आवाज जरा वर गेला. अभिमान होता तो, लपवायचा कशाला? दिल्लीत इतकी वर्षं काढलेला माणूस 'आपलं माणूस' भेटलं की गाफील होतो. शत्रूपुढे हुशार, आपल्या माणसापुढे भोळा. आमचं पानिपत दरवेळी असंच होतं.

सुखदाचे डोळे भरून आले होते. खोटं नव्हे, खरंच. "काका, मी तीन वर्षं भिंती रंगवत्येय. मला स्वतःची लाज वाटते हो. खरं काम तर तुम्ही केलंय."

"मॅडम, हे बाहेर जायला नको."

"बाहेर नाही, वर नेऊ या ना! आपण ही वाट ऑफिशियल करून घेऊ. जाळीचं कुंपण, छप्पर, बिल्कुल नीट. एकदा मॅनेजमेंटने मान्य केलं की तुमच्यानंतरही चालू राहील. तुम्ही काय जन्मभर तिथे उभे राहणार आहात का?"

हे मात्र संपतरावांना लागलं. पाय दुखत होते. वय एकोणसाठ. आपल्या मागे कोण, हा विचार त्यांनाही रात्रंदिवस होताच. त्यांनी विचारलं, "मान्य करतील?"

"आकडे दाखवले की करतात. तुमच्याकडे काही रेकॉर्ड आहे का?"

रेकॉर्ड! संपतराव हसले. असं कुणीतरी विचारावं म्हणून तर माणूस लिहीत असतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी वही कोऱ्या खाकी कागदाचं कव्हर घालून सुखदाच्या टेबलावर नेऊन ठेवली.

पुढच्या आठवड्यात सुखदाने कंपनीच्या बड्या साहेबांपुढे सादरीकरण केलं. पडद्यावर संपतरावांच्या अक्षराचं पान, त्याखाली आकडे. सव्वीस मुली, चारशे बारा दिवस. तिला वाटलं होतं, टाळ्या पडतील. टाळ्या पडल्या नाहीत. कंपनीत एका परदेशी बँकेची माहिती होती. फेब्रुवारीत त्या बँकेची माणसं सुरक्षा तपासायला यायची होती. आणि इथे भिंतीच्या आत चारशे बारा दिवस बाहेरची माणसं ये-जा करत होती, तीही गार्डच्या सहीनिशी! सुखदा म्हणत राहिली, सर, त्या शाळेतल्या मुली आहेत. कुणी ऐकलं नाही. कार्डाशिवाय आत आलेली व्यक्ती ती व्यक्ती, तिला वेणी आहे की दाढी हे नियमात लिहिलेलं नव्हतं. त्याच दुपारी वेल्डर आला आणि माळ्यांच्या दिंडीला तीन पट्ट्या मारून गेला. दीडला शाळा सुटली तेव्हा पोरी पलीकडून दार ठोठावत होत्या. संपतराव अलीकडे उभे होते. "हायवे से जाओ," एवढंच त्यांनी ओरडून सांगितलं. "सब साथ में जाना."

चार दिवसांनी भल्लासाहेबांनी बोलावलं. भल्ला म्हणजे आवाराची सगळी व्यवस्था बघणारे अधिकारी. माणूस वाईट नव्हता, खुर्चीवर बसवलं, चहा मागवला. समोर इंग्रजीत टाइप केलेला एक कागद होता. संपतरावांचा जबाब. त्यांनी न दिलेला. फौजेत इंग्रजी वाचायला शिकलेले होते ते, सावकाश वाचलं. गावातील काही मुली गार्डची नजर चुकवून, खोटी कारणं सांगून आवारात शिरत होत्या. मी ही बाब वेळेत वरिष्ठांना कळवली नाही. माझी चूक झाली.

"साहेब, असं नाही झालं. ताला मैंने खोला."

भल्लांनी समजावलं. लिहायच्या दोनच तऱ्हा आहेत. गार्डने स्वतः कुलूप उघडलं, तर एजन्सीचं कंत्राट जाणार आणि तिचे चाळीस गार्ड घरी बसणार. मुली घुसल्या म्हटलं, तर एक समज देऊन विषय संपतो. वही कुठे गेली, ते कुणी विचारणार नाही. "सुभेदार साहब, साइन कर दो. इसे पढ़ता कौन है?"

संपतरावांनी मनात हिशेब केला. चाळीस गार्डांतले सात-आठ बिहारचे, एक जण नुकताच बाप झालेला. यशराजचं शेवटचं वर्ष. आणि फार खोल जाऊन विचारलंत तर सांगतो, ते थकले होते. भांडायला उभं राहायचं, तर आधी उभं राहावं लागतं. त्यांनी सही केली. इंग्रजीत, हुद्द्यासकट.

पढ़ता कौन है, म्हणाले होते ना भल्ला? ज्याने वाचायला नको त्याने वाचलं. कंपनीच्या वकिलाने शिस्तीत त्या जबाबाची एक प्रत गावच्या सरपंचाला आणि एक पलीकडच्या हायस्कूलच्या हेडमास्तरला पाठवली, सोबत पत्र, की आपल्या मुलींना समज द्यावी. हेडमास्तरने ते प्रार्थनेनंतर हिंदीत वाचून दाखवलं. संध्याकाळपर्यंत ते बैठकीत हुक्क्याभोवती पोचलं. मुली चोरून कंपनीत घुसायच्या. आत हजार पोरगे. दोन वर्षं. गार्डनेच लिहून दिलंय. मग काय विचारता! राईचा पर्वत व्हायला जिभेला काय कष्ट पडतात? ज्या बापांनी हायवेने का होईना पण पोरी धाडल्या असत्या, त्यांनीही दप्तरं खुंटीला टांगली.

संपतरावांना हे कळलं ते शाळेच्या शिपायाकडून, चहाच्या टपरीवर. ते तडक सुखदाकडे गेले, आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या लिफ्टने. तिला जबाबाचं ठाऊकच नव्हतं. ती आधी पांढरी पडली, मग रडायला लागली. "काका, मी मुलींसाठी सायकली मंजूर करून घेतल्या होत्या हो. सेवादिनाला वाटणार होते."

"सायकली कोण चालवणार, मॅडम?"

"मी चुकले. मी बोलायलाच नको होतं."

"तुम्ही कशाला? बोललो तर मी." एवढं म्हणून ते जिन्याने खाली आले. सुखदावर रागवायचंही त्राण अंगात राहिलं नव्हतं.

त्या रविवारी तानूबाईंनी विचारलं, "सुट्टीच्या दिवशी कुठे निघालात?"

"जरा गुडगावला."

"पाय बघा की आधी स्वतःचे."

"पायांनी तिथे नेलंय, पायांनीच निस्तरायचं," संपतराव म्हणाले. त्यांनी साधा सदरा घातला. गणवेश नाही, मेडलं नाहीत. तानूबाईंनी वहाणा पुढे सरकवल्या.

सतबीर घरापुढे बाजेवर बसला होता. पन्नाशीचा, धिप्पाड, मागे त्याचीच तिमजली इमारत, वर भाडेकरूंचे कपडे वाळत घातलेले. त्याने उठून रामराम केला, वेताचा मूढा पुढे ओढला. पाहुणचारात काही कमी नव्हतं. संपतराव बसले नाहीत. बसलो तर बोलणं राहून जाईल अशी त्यांना भीती वाटत होती. त्यांनी हिंदीत सांगितलं, की सतबीरजी, कुलूप मी उघडलं. रोज मी उघडलं. मुलींना मी बोलावलं, मी पुढे चाललो, मी पलीकडे सोडलं. त्यांची मान मी कधी उजवीकडे-डावीकडे वळू दिली नाही. कागदावर लिहिलंय ते खोटं आहे. तिची परीक्षा सतरा दिवसांवर आहे. तिला बसू द्या.

सतबीरने सगळं ऐकून घेतलं. रागावला नाही. आत जाऊन तो सरपंचाकडून आणलेला, घडी केलेला जबाब घेऊन आला आणि खालच्या सहीवर बोट ठेवलं.

"ये आपकी है?"

"माझी. मेरी है."

"फौजी हो. इज्जतदार आदमी हो," सतबीर हळूच म्हणाला. "आप ही बताओ. आपकी बात मानूं, कि आपके दस्तखत?"

सहीपेक्षा शब्द मोठा, हे सांगायला ज्याच्याकडे तोंड असतं तो सहीच करत नाही. सतबीर म्हणाला, पुढच्या आठवड्यात रिंकू तिच्या आत्याकडे रोहतकला जाईल. तिथे शिवण शिकेल. गावाच्या तोंडाला तो कुठवर हात लावणार? मग त्याने आत हाक मारून पाणी मागवलं.

पाणी घेऊन रिंकूच आली. डोक्यावर ओढणी, वेण्या आत दडलेल्या. तिने पेला पुढे केला आणि संपतरावांनी तो घेतला. ती तिथेच उभी राहिली. तिने सगळं दाराआडून ऐकलं होतं, हे तोंडावरून दिसत होतं. संपतरावांनी मनात ठरवलं, की ही आता जे बोलेल ते ऐकून घ्यायचं. शिवी दिली तरी ऐकायची. ते तिच्या शिव्यांची वाटच बघत होते, म्हटलं तरी चालेल.

"अंकल," ती म्हणाली. फाटकाशी विचारायची तशीच, सरळ. "आपकी नौकरी तो बच गई ना?"

पोरीच्या डोळ्यांत टोमणा शोधून बघितला संपतरावांनी, नव्हता. तिला खरंच काळजी वाटली होती, त्यांची.

"हां बेटा," संपतराव म्हणाले. "बच गई."